आक्कांची वही आणि वेबसाइटची साडी



आज पाककृती नाही. आज त्या पाककृती ज्या घरात राहतात, त्या घराच्या रंगरंगोटीची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी विचारलं, "आक्कांच्या वहीची वेबसाइट केलीत म्हणे, आम्हाला आमच्या महिला मंडळाची करायची आहे, जमेल का?" जमेल की. मला जमलं म्हणजे कुणालाही जमेल. पण मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, म्हणून सगळं बैजवार लिहिते.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय वर्षं ७९. त्यांची एक जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची वही आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या तिच्यात लिहीत आल्या. आमच्या भागात घरोघरी कांदा-लसूण मसाला, आणि आपल्याकडे तर दोन्ही वर्ज्य. मग त्या चवीच्या जवळ जाणारा मसाला हिंग, तीळ, सुकं खोबरं घालून कसा करायचा, बटाट्याच्या जागी कच्ची केळी कुठे चालतात आणि कुठे चालत नाहीत, आल्याऐवजी सुंठ किती, चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्या की चार महिने ताटात काय वाढायचं, दिवस मावळायच्या आत पंचवीस माणसांचं जेवण उरकायचं तर सकाळीच काय काय करून ठेवायचं, असं सगळं त्यात आहे. निळ्या शाईतलं, मोठ्या मोठ्या अक्षरांतलं. मधल्या पानांवर तेलाचे डाग, हळदीची बोटं. आता पानं कोपऱ्यातून तुटायला लागली आहेत.

माझ्या वन्सं बेळगावला असतात, चुलत जाऊबाई बेंगळुरूला. दर सणाला फोन. "वहिनी, जरा वही बघून सांगा की." मग मी चष्मा शोधणार, वही उघडणार, आणि गॅसवरचं दूध उतू जाणार. शेवटी वन्संचा मुलगा, म्हणजे माझा पुण्यातला भाचा म्हणाला, "मामी, आजीची वही मी वेबसाइटवर घालून देतो. तुम्ही फक्त टाईप करा." त्याने वर्डप्रेस नावाच्या प्रणालीवर जागा उभी करून दिली. ही प्रणाली २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केली. ती फुकट मिळते आणि मराठीतही चालते. खर्च येतो तो वेबसाइटच्या नावाचा आणि जागेच्या भाड्याचा.

मी चातुर्मासातल्या दुपारी टाईप करत गेले. दिवाळीपर्यंत ८६ पाककृती झाल्या. तिथपर्यंत सगळं सुरळीत होतं. गडबड झाली ती पुढे, वेबसाइटला नटवायला घेतलं तेव्हा.

ही नटवण्याची सोय कशी असते ते आधी सांगते, कारण मलाही ते माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं की वेबसाइट म्हणजे छापलेलं पुस्तक. अक्षर, रंग, चित्र सगळं एकात एक. तसं नसतं. आपण टाईप केलेला मजकूर एका कोठारात साठवलेला असतो, त्याला डेटाबेस म्हणतात. आणि तो मजकूर कसा दाखवायचा, म्हणजे मथळा केवढा, अक्षर कुठल्या रंगाचं, फोटो डावीकडे की वर, हे सांगणाऱ्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. त्या फोल्डरला कुणी थीम म्हणतं, कुणी टेम्प्लेट, कुणी स्किन. वर्डप्रेसमध्ये ही थीमची सोय २००५ सालच्या १.५ या आवृत्तीपासून आहे. तुम्ही नुसतं नाव निवडायचं आणि बटण दाबायचं. ८६ च्या ८६ पानं एका क्षणात नवं रूप घेऊन उभी राहतात. मजकुरातला एक काना हलत नाही.

मैत्रिणींनो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वेडी झाले! साडीच्या दुकानात गादीवर बसावं आणि दुकानदाराने एकामागून एक घडी मोडत राहावं, तसं वाटलं. आणि इथे तर सगळं फुकट, घडी परत घालायचीही गरज नाही. निळी लावून बघितली, हिरवी लावून बघितली. एकीत मोठमोठे फोटो सरकत जात होते, ती लावली तर आमच्या घरच्या नेटवर पान उघडेपर्यंत चहा झाला असता. एकीत तीन रकाने होते, ती फोनवर बघितली तर अख्खा डावा रकाना खाली जाऊन बसलेला. प्रत्येक वेळी वरची यादी जागा सोडायची, ती पुन्हा नेमून द्यायला लागायची. तीन रात्री मी हेच करत बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, झोप की आता. लग्नाचा बस्ता बांधतीयेस काय?"

शेवटी एक पसंत पडली. पांढरीशुभ्र. भरपूर मोकळी जागा. बारीक, नाजूक, राखाडी अक्षरं. मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी. परदेशी मासिकाचं पान असावं तशी. आपल्या झुणक्याला असं रूप आलेलं बघून मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! फोटोही तसेच काढले, पांढऱ्या ताटलीत, खिडकीजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दर्शन आणि पूजा आटोपून आक्का ओसरीवर बसल्या होत्या, तेव्हा टॅबलेट त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आक्का, बघा तुमची वही." त्यांनी चष्मा लावला. लांब धरला, जवळ धरला. बोटाने एकदा वर सरकवलं. मग म्हणाल्या, "छान आहे हं," आणि टॅबलेट बाजूला ठेवून वाती वळायला घेतल्या.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? चार महिने मी दुपारची पाठ टेकली नव्हती. मनात आलं, जुन्या माणसांना नव्याचं कौतुक नसतंच. बोलले नाही, पण त्या दिवशी माझी आदळआपट जरा जास्तच झाली असणार.

वेबसाइटची लिंक सगळ्यांना पाठवली. सगळ्यांनी अंगठे पाठवले, फुलं पाठवली. आणि फोन? फोन पूर्वीसारखेच. "वहिनी, शेवयाच्या खिरीला दूध किती?" मी म्हणायचे, "वन्सं, त्यात लिहिलंय की हो." "हो हो, बघते," म्हणायच्या आणि पुन्हा विचारायच्या, "पण साधारण किती?" तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी जरा चिडूनच विचारलं, "उघडत नाही का तुमच्याकडे?" तर वन्सं हसायला लागल्या. म्हणाल्या, "उघडतंय हो. पण वहिनी, तुम्ही स्वयंपाक सोडून हलगी कधी वाजवायला लागलात?"

मला कळेना. मी पान उघडून बघितलं. मथळा होता 'हुलग्याचं माडगं'. पण मथळ्याच्या चौकटीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाची. त्यांना खाली उकार नाही, वर वेलांटी नाही. त्यामुळे 'हु'चा उकार चौकटीखाली कापला गेला होता, आणि पानावर ठसठशीत दिसत होतं, 'हलग्याचं माडगं'! मीही हसले. हसता हसता मात्र पोटात खड्डा पडला. चार महिने टाईप केलं, आणि मथळा नीट वाचता येतो की नाही हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मला पाठ होतं ना सगळं. मी वाचत नव्हतेच, नुसतं बघत होते.

त्याच संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर, आक्का आतल्या खोलीत दिव्याखाली बसलेल्या दिसल्या. मांडीवर जुनी वही. बोट ओळीखालून सरकत होतं. ओठ हलत होते. शेजारी त्यांचं रोजचं स्तोत्रांचं पुस्तक, ते मोठ्या टायपातलं. आपल्याकडची ही पुस्तकं बघा, काळीभोर मोठी अक्षरं, दोन ओळींत मोकळं अंतर. ज्यांनी छापली त्यांना ठाऊक होतं, की पहाटेच्या अंधुक उजेडात, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी कोण वाचणार आहे.

मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आक्का, खरं सांगा, टॅबलेटवर वाचता येतं का तुम्हाला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, सगळं पांढरं पांढरं दिसतंय बघ. अक्षर कुठं आहे तेच हुडकायला लागतंय. मला वाटलं माझेच डोळे गेले."

"मग सांगितलं का नाही?"

"तू रात्र रात्र जागत होतीस. काय सांगायचं?"

मला तोंड वर करवेना. त्यांच्याच हातचे शब्द, त्यांच्याच नावाने मांडलेले, आणि त्यांनाच दिसत नव्हते. शिवाय त्यांना वाटत होतं की दोष त्यांच्या डोळ्यांचा आहे. मी आदळलेली भांडी आठवली.

रात्रीच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, आजीचे डोळे ठीक आहेत. रंग चुकलाय." आणि त्याने जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट रंगाची. अक्षर आणि त्यामागचा कागद यांच्यातला फरक मोजता येतो. पांढऱ्यावर गडद काळं म्हणजे २१ ला १, त्याहून जास्त फरक असूच शकत नाही. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी हा फरक कमीत कमी ४.५ ला १ हवा असं सांगितलं आहे. मोठ्या मथळ्यांना ३ ला १ चालतो. माझ्या नाजूक राखाडीचं माप निघालं २.८! म्हणजे तरुण डोळ्यांनाही कमी. हे मोजायची साधनं फुकट आहेत, दोन रंग दिले की आकडा सांगतात. मी राखाडी काढून जवळजवळ काळा रंग घेतला, तो १२ च्या पुढे गेला.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. बहुतेक थीम इंग्रजी अक्षरांवर बेतून केलेल्या असतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर लागतं. माझ्या थीममध्ये ते अक्षराच्या उंचीच्या १.२ पट होतं, मी १.८ पट केलं. मथळ्याच्या चौकटीची उंची मोकळी सोडली, तेव्हा हुलग्याला त्याचा उकार परत मिळाला. अक्षराचा आकार १६ होता, तो २० केला. आणि मथळ्यातली अक्षरं अंतर ठेवून उभी होती म्हटलं ना? इंग्रजीत ते शोभतं. मराठीत त्याने शिरोरेखा तुटते. वरची रेघ जागोजागी फाटलेली, दोरीवरून ओले कपडे घसरावेत तशी अक्षरं. मला आधी तीच फॅशन वाटली होती! ते अंतर शून्य केलं आणि शब्द पुन्हा एका रेघेला लागले.

तिसरी गोष्ट फाँटची. माझ्या थीमच्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतीच. मग प्रत्येकीचा फोन त्याच्याकडे जो असेल तो फाँट लावायचा, आणि माझ्याकडे एक दिसायचं, बेळगावला दुसरंच. भाच्याने मुक्त हा फाँट सुचवला, तो मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केला आहे आणि कुणालाही मोफत वापरता येतो. मजकुराला तो घेतला, बारीक नव्हे, नेहमीच्या जाडीचा. मथळ्यांना टिरो देवनागरी मराठी घेतला. का, ते सांगते. आक्का 'ल' लिहितात तो दोन पाकळ्यांचा, आपला मराठी. संगणकावर पुष्कळदा उभ्या दांडीचा हिंदी वळणाचा 'ल' येतो. संगणकाच्या हिशोबी दोन्ही एकच अक्षर, फरक फाँट ठरवतो. टिरो घराण्यात हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी तीन वेगवेगळे फाँट आहेत, त्यातला मराठी घेतला की 'ल' आपला येतो. 'लाल भोपळ्याचे घारगे' हा मथळा मी त्यात बघितला आणि वही उघडल्यासारखं वाटलं.

हे सगळं करायला मी काय केलं, तर थीमच्या फोल्डरमधली स्टाइलची फाईल उघडली आणि भाच्याने सांगितलं तसे आकडे बदलले. अर्धी रात्र गेली. सकाळी आक्कांच्या हातात टॅबलेट दिला. त्यांनी चष्मा लावला, आणि वाचायलाच लागल्या. मोठ्याने! 'मुगाचे सांडगे. मूग आदल्या रात्री…' असं पान संपेपर्यंत. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी शहाणी ना!

दोन आठवड्यांनी वेबसाइटच्या आतल्या बाजूला सूचना आली, थीमची नवी आवृत्ती आली आहे, अद्ययावत करा. सुरक्षेसाठी अशा सुधारणा वेळेवर घ्याव्यात हे मला भाच्याने सांगून ठेवलं होतं. मी आज्ञाधारकपणे बटण दाबलं. पान उघडलं तर सगळं पुन्हा पांढरं. राखाडी अक्षरं, तुटकी रेघ, हलग्याचं माडगं. मी केलेला एकूण एक बदल गायब.

मी खुर्चीत बसून अक्षरशः रडले. आक्का काठी टेकत आल्या. "काय झालं गं?"

"सगळं गेलं, आक्का."

"लिहिलेलं गेलं?"

"नाही. लिहिलेलं आहे. रंगरूप गेलं."

"मग रडतीस कशाला? जीव आहे न्हवं त्यात? कातडं पुन्हा येतंय."

त्यांनी ते सहज म्हटलं. देह निराळा आणि आत्मा निराळा हे आपण स्वाध्यायात किती वेळा ऐकतो, आणि माना डोलावून घरी येतो. मी त्या क्षणी कोठारातल्या ८६ पाककृती मोजून बघितल्या. एकही हलली नव्हती. पण मैत्रिणींनो, एक तेवढंच खरं, की रूप गेल्याबरोबर त्या आक्कांना पुन्हा दिसेनाशा झाल्या होत्या. आत कितीही असलं तरी वाचणाऱ्याला ते डोळ्यांवाटेच घ्यावं लागतं. म्हणून रूपाला फार भाळू नये, पण त्याची हेळसांडही करू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

भाचा म्हणाला, "मामी, चूक माझी. मी सांगायला हवं होतं." नवी आवृत्ती येते तेव्हा थीमचं जुनं फोल्डर काढून त्या जागी नवं ठेवलं जातं. आपण त्या फोल्डरमध्ये हाताने जे केलेलं असतं ते जुन्याबरोबर जातं. भाड्याच्या घरात भिंतीवर नक्षी काढावी आणि मालकाने रंगकाम करावं, तसं. यावर उपाय म्हणजे चाइल्ड थीम. एक वेगळं छोटं फोल्डर करायचं. त्यातल्या स्टाइलच्या फाईलीत सुरुवातीला आपल्या थीमचं नाव आणि तिच्या आईचं, म्हणजे मूळ थीमचं नाव लिहायचं. आमच्या थीमसाठी आईची स्टाइल आधी लागावी म्हणून आणखी एक चार ओळींची फाईल लागली. खाली फक्त तेवढं लिहायचं जेवढं आपल्याला वेगळं हवं आहे. बाकी सगळं ती आईकडून घेते. उद्या आई बदलली, सुधारली, तरी लेकीचं फोल्डर वेगळं असल्यामुळे आपले बदल जागच्या जागी राहतात.

मी हे आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुझ्यासारखंच की. कटाची आमटी माझीच करतीस, गूळ तेवढा तुझ्या मनानं घालतीस."

फाईली, फोल्डर नको वाटत असेल तर त्याहून सोपी वाट आहे. वर्डप्रेसमध्ये जादा सीएसएस लिहायला एक चौकट दिलेली असते. त्यात लिहिलेलं थीमच्या फोल्डरमध्ये न जाता डेटाबेसमध्ये साठतं, त्यामुळे थीम अद्ययावत केली तरी पुसलं जात नाही. फक्त ते त्या त्या थीमपुरतं असतं. दुसरी थीम लावली की ते लागू होत नाही, परत पहिली लावली की परत येतं. रंग, आकार, ओळींतलं अंतर एवढंच बदलायचं असेल तर ही चौकट पुरे.

सीएसएस म्हणजे काय, हे मी भाच्याला विचारलं होतं. पान कसं दिसावं हे सांगायची ती भाषा. १९९४ साली होकून विउम ली या नॉर्वेच्या माणसाने ती कल्पना मांडली. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की पान कसं दिसावं हे ठरवताना लिहिणाऱ्याच्या आवडीबरोबर वाचणाऱ्याच्या आवडीलाही जागा असावी, असं त्यांनी सुरुवातीलाच धरलं होतं. मराठी विकिपीडियावरसुद्धा खातं उघडलं की आपल्यापुरतं पानाचं रूप निवडता येतं. व्हेक्टर, मोनोबुक, टाइमलेस अशी त्या रूपांची नावं, तिथे त्यांना स्किन म्हणतात. लेख सगळ्यांना एकच, स्किन ज्याची त्याची. वाढणारीने एकच भाजी केली, तरी कुणाला तिखट सोसत नाही हे बघून वाढावं, तसंच की हे.

आता तुमच्यापैकी जी कुणी मंडळाची किंवा घरची वेबसाइट करेल तिला माझं सांगणं. नवी थीम सरळ लावू नका, आधी नुसती पाहून घेण्याची सोय असते, ती वापरा. काहीही बदलण्याआधी मजकुराची आणि फायलींची एक प्रत काढून वेगळी ठेवा, लोणच्याची एक बरणी मागे ठेवतो तशी. थीम बघताना तिच्याबरोबर आलेले सुंदर फोटो बघू नका, ते आपले नसतात. आपलं सगळ्यात लांब नावाचं, भरपूर उकार-वेलांट्यांचं पान उघडून बघा. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर बघा, अंगणात उन्हात उभं राहून बघा. वेबसाइटची भाषा मराठी निवडा. आणि शेवटी ती घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईच्या हातात द्या. "कसं आहे" असं विचारू नका, त्या "छान आहे" म्हणणार. "वाचून दाखवा" म्हणा.

आमच्या वेबसाइटला आता चाइल्ड थीम आहे. त्यानंतर मूळ थीम तीनदा अद्ययावत झाली, हुलग्याचा उकार जागेवर आहे. मथळ्यांचा रंग आक्कांच्या वहीच्या पाठीचा, तो त्यांनीच निवडला. परदेशी मासिकासारखं काही राहिलेलं नाही. वन्संचा फोन परवा आला, पण खिरीच्या दुधासाठी नव्हे, नुसता गप्पा मारायला.

आणि आक्का रोज दुपारी टॅबलेट घेऊन बसतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मसाल्यात हिंग एवढा कुणी सांगितला तुला? मी पाव चमचा लिहिलाय. तू एक केलास." मी वही काढून बघितली. डागाखाली खरंच पाव होता. एवढे दिवस ते पान सगळ्यांसमोर होतं, माझी चूक कुणालाच दिसली नव्हती. मी लगेच दुरुस्त केलं. ज्या मैत्रिणींनी तो मसाला आधीच करून ठेवला असेल, त्यांची क्षमा मागते. त्यात तिप्पट मसाल्याचं साहित्य आणखी घाला, हिंग मात्र घालू नका. सगळं जमून येईल.

आक्का आता पुढचं पान वाचत आहेत. आणखी काय काय निघतंय बघू.

जय जिनेंद्र!